बिनब्रेकची

मला ब्रेक नाही. हे आधीच सांगून टाकते, कारण मला पाहिलं की माणसं तेच शोधतात. हँडलवर हात फिरवतात, खाली वाकतात, मग एकमेकांकडे बघून म्हणतात, अर्धवट आहे वाटतं. मी अर्धवट नाही. मी गोल ट्रॅकवर शर्यतीत धावणारी सायकल बोलतेय, आणि माझ्यात जे नाही ते मुद्दामच ठेवलेलं नाही.

घंटी नाही, स्टँड नाही, कॅरिअर नाही. गिअर एकच. मागचं चाक पेडलशी पक्कं जखडलेलं. साध्या सायकलवर तुम्ही उतारावर पाय निवांत ठेवता आणि चाक आपलं फिरत राहतं. माझ्याकडे ती चैन नाही. चाक फिरतंय तोवर पेडल फिरणार आणि पेडल फिरतंय तोवर तुमचे पाय फिरणार. वेग कमी करायचा तर पायांनीच उलटा जोर लावायचा, हळूहळू, मागच्याला कळेल असा.

माझा जन्म एका लहान कारखान्यात झाला. तिथे एरवी दवाखान्याच्या लोखंडी खाटा बनत. मालकाला शर्यतींचं वेड होतं. खाटांचं काम उरकलं की तो चांगल्या पोलादाच्या हलक्या नळ्या काढायचा आणि वेल्डरला म्हणायचा, "हे नीट जोड बाबा. खाटेवर माणूस झोपतो. हिच्यावर डुलकी लागली तर कपाळमोक्ष." वेल्डर हसायचा, पण जोड त्याने असे दिले की आजवर एकही उसवलेला नाही.

माझ्यावर बसून काही जणांनी बक्षिसं मिळवली. ते बक्षिसं घेऊन घरी गेले आणि मी ट्रॅकच्या सामानाच्या खोलीत, रंगाच्या डब्यांच्या आणि मोडक्या खुर्च्यांच्या संगतीत राहिले. टायर सुकून तडकले. पारव्यांनी माझ्या हँडलवर संसार मांडला. माणसांना जिंकल्यावर फोटो काढायचा असतो तेव्हा सायकल शेजारी लागते. पुढच्या वर्षी त्या फोटोवरची धूळ पुसतात, सायकलवरची नाही. मी कुढत बसले नाही. माझ्या नळ्या रिकाम्या होत्या, पण मन रिकामं नव्हतं. मी वाट बघत होते, आणि माझी अट एवढीच होती की येईल तो घाबरट नसावा.

आली ती एक मुलगी.

आमचा ट्रॅक म्हणजे सिमेंटची मोठी परात. कडा उंच, मध्ये सपाट. त्याच्या शेजारच्या मोकळ्या मैदानात एक ड्रायव्हिंग स्कूल चालायचं. शिकवणाऱ्याला सगळे गाडीमास्तर म्हणत. सुट्टीच्या दिवशी त्याची मुलगी मदतीला यायची आणि शिकाऊ गाडीच्या मागे प्लॅस्टिकचे लाल शंकू मांडायची. कागदोपत्री तिचं नाव काहीही असो, घरी ती ठमी. लहानपणी ठुमकत चालायची म्हणून आत्याने ठेवलेलं नाव तिला कॉलेजात गेल्यावरही चिकटलेलं होतं. ती डोळे तपासायचं शिक्षण घेत होती. रोज लोकांना समोरच्या फळ्यावरची अक्षरं वाचायला लावून चष्म्याचा नंबर काढायचा. मैदानात मात्र तिचे स्वतःचे डोळे शंकूंवर नसायचेच. ते कठड्यापलीकडे, आमच्या परातीत.

तिथे ज्या शिकवायच्या त्यांना मुली नुसतं बाई म्हणत. बाईंनी एके काळी मोठमोठ्या शर्यती मारल्या होत्या आणि आता त्यांचे दोन्ही गुडघे कायमच्या संपावर होते. त्यांनी एक दिवस कठड्याशी येऊन विचारलं, नुसती बघतेस की बसतेस? ठमी म्हणाली, माझ्याकडे सायकल नाही. बाई लंगडत सामानाच्या खोलीत गेल्या आणि पारव्यांना हुसकावून मला बाहेर घेऊन आल्या.

पहिल्या दिवशी सगळेच जी चूक करतात तीच तिने केली. अर्धा फेरा बरा गेला, अंगात हुशारी आली, आणि तिने सवयीने पाय थांबवले. मी तिला उचलून आपटलं. त्याबद्दल माफी मागणार नाही. माझ्यावर बसायचं तर हा धडा अंगावरच घ्यावा लागतो. तिने खरचटलेले तळवे बघितले, मग माझ्याकडे बघितलं, एखाद्या उद्धट नणंदेकडे बघावं तसं. कपडे झटकले आणि बाईंना म्हणाली, "पुन्हा."

तेव्हापासून मी तिची.

गाडीमास्तराला हे कळलं तेव्हा त्याने पहिला प्रश्न कोणता विचारला असेल ते तुम्ही ओळखलंच असेल. त्याचाही दोष नाही. त्याचं अख्खं आयुष्य शेजारच्या सीटवर गेलं होतं. शिकवायच्या गाडीत मास्तराच्या पायाशी दुसरा ब्रेक असतो. शिकाऊ चुकला की मास्तर दाबतो. स्कूलच्या सगळ्या गाड्यांना तो ब्रेक त्याने स्वतः बसवला होता, आणि कुणी चाळा करू नये म्हणून त्याला खास डोक्याचा बोल्ट लावला होता. तो कुठल्याही पान्याने उघडायचा नाही. त्याची किल्ली जगात एकच, मास्तराच्या कंबरेच्या जुडग्यात. पण खरी गंमत पायाची. घरी जेवताना टीव्हीवर एखादी गाडी वळणावर आली तरी त्याचा उजवा पाय टेबलाखाली दाबला जायचा. ठमीची आई सांगायची की पोरीने पहिलं पाऊल टाकलं तेव्हा सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या आणि यांनी ब्रेक मारला.

बाईंनी मला रोलरसकट तिच्या घरी पाठवलं. रोलर म्हणजे फिरत्या नळ्यांची चौकट. तिच्यावर सायकल चढवून पेडल मारा, चाकं भन्नाट पळतात आणि सायकल जागची हलत नाही. मास्तर ते बघून पहिल्यांदा खूश झाला. म्हणाला, अशी सायकल असावी. पोरगी दमते आणि घरातच राहते. आत्या तेव्हा आलेली होती. ती म्हणाली, "दादा, ठमी एवढी पळतेय, पण गॅलरीच्या पुढे काही गेली नाही. तुझीच शिकवण दिसतेय."

ठमीने इस्त्रीचं टेबल ओढून माझ्यासमोर लावलं आणि त्यावर पुस्तक उघडलं. पाय माझ्यावर, डोळे बुबुळाच्या आकृत्यांवर. घामाचे थेंब पानांवर पडून शाई पसरायला लागली तेव्हा आईने एक जुना प्लॅस्टिकचा टेबलक्लॉथ कापून पुस्तकावर घातला. आई दवाखान्यात रुग्णांना नंबराने आत बोलावायच्या कामावर होती. घरातही तिचं बोलणं तेवढंच. भांडण वाढलं की ती त्याच आवाजात म्हणायची, पुढचे. आणि खरंच विषय पुढे सरकायचा.

कॉलेजच्या विभागप्रमुखांनी ठमीला भर वर्गात उभं केलं. चाक आणि भिंग दोन्ही गोल असतात, पण पोट भिंगावरच भरतं, असं ते म्हणाले. वर्गातली बाकीची मुलं हसली. दोन दगडांवर पाय ठेवणारे बुडतात, हेही त्यांनी जोडलं. ठमी घरी येऊन रोलरवर चढली आणि त्या दिवशी मला तिने असं पिदडलं की माझी साखळी तापली. मग मधेच मोठ्याने म्हणाली, कुणाला ते ठाऊक नाही, की दोन पेडलांवर दोन पाय ठेवले नाहीत तर सायकल चालते कशी? मला ते पटलं. मुलीने एक गोष्ट मागितली की लोक विचारतात, कशाला? दोन मागितल्या की म्हणतात, एक निवड. म्हणजे निदान पहिली तरी कबूल झाली. हक्काची गोष्ट नेहमी जास्तच मागावी.

होता होता निवड शर्यत जवळ आली. पहिल्या दोघींना राष्ट्रीय शिबिरात जागा मिळणार होती. पुढच्या वर्षी ठमी वयाच्या अटीबाहेर जाणार होती, म्हणून जे काय व्हायचं ते याच वेळी. आणि तिची प्रॅक्टिकल परीक्षा आली नेमकी शर्यतीच्या आदल्या दिवशी. विभागप्रमुखांनी विचारलं, मग काय ठरवलंस? तिने सांगितलं, दोन्हीकडे हजर आहे.

शर्यतीच्या आठवड्यातच ती पडली. चूक तिची नव्हती. सरावात पुढची एक मुलगी बिचकली आणि तिने पाय एकदम अडवले. मागून येणाऱ्या तिघी तिच्यावर. हाड मोडलं नाही, पण खांद्यापासून कोपरापर्यंत कातडी सोलली. आणि नेमका त्या वेळी गाडीमास्तर कठड्याशी उभा होता. तो ओरडला नाही. पट्टी बांधून झाल्यावर त्याने मला उचललं, शिकाऊ गाडीच्या टपावर बांधलं आणि गाडी मुंगीच्या पावलांनी घरी आणली. पाय मात्र सारखा हलत होता.

आता ऐका त्याने काय केलं ते.

ठमी परीक्षेला गेली होती. मास्तर मला घेऊन त्याच्या गॅरेजात आला. माझं पुढचं चाक धरणाऱ्या चिमट्याला त्याने ड्रिलने भोक पाडलं आणि तिथे ब्रेक बसवला. मला राग आला, पण खोटं का सांगू, काम सुबक होतं. तार कुठे घासत नव्हती, रबर चाकाला केसभर अंतरावर. बसवताना तो माझ्याशी बोलत होता. म्हणाला, हे आधीच कुणाला सुचलं कसं नाही? त्याच्या मनात कपट नव्हतं. त्याच्या धंद्यात दुसरा ब्रेक नसलेली गाडी तपासणीतून परत पाठवतात. ब्रेक असलेली सायकल कोण नाकारेल? शेवटी त्याने तोच खास डोक्याचा बोल्ट लावला आणि धूळ बसू नये म्हणून मला चादरीत गुंडाळलं. मुलीला उद्या दाखवू म्हणाला. ती परीक्षेहून दमून आली आणि झोपली.

सकाळी ट्रॅकवर तपासणीच्या टेबलाशी चादर निघाली.

ठमीचा चेहरा पांढरा पडला. तपासनीस जाड भिंगांचा माणूस होता. त्याने वाकून ब्रेक बघितला, ठमीकडे बघितलं आणि विचारलं, ही थट्टा आहे का? ब्रेक काढा, नाहीतर बाहेर. बाईंनी पान्यांचा डबा उघडला. एक पाना लागेल तर शपथ. बोल्ट त्यांच्याकडे बघून हसत होता.

मास्तर पुढे आला तो चिडूनच. त्याला वाटलं, तपासनिसाची काहीतरी गफलत होतेय. त्याने समजावून सांगितलं की ब्रेक आहे, चांगला आहे, दाबून बघा. तपासनीस म्हणाला, चांगला आहे म्हणूनच नको. मास्तराला आयुष्यात असं वाक्य कुणी ऐकवलं नव्हतं. त्याने किल्ल्यांच्या जुडग्यावर हात ठेवला आणि म्हणाला, "ठमे, चल घरी. जिथे ब्रेकला बंदी आहे तिथे माझी मुलगी पळणार नाही."

शिट्ट्या वाजत होत्या. बाकीच्या मुली अंग गरम करायला फेऱ्या मारत होत्या. ठमी रडेल असं मला वाटलं. ती रडली नाही. तिने माझं हँडल घट्ट धरलं.

"बाबा, परवा मी का पडले?"

"पुढची थांबली म्हणून."

"तिला थांबता आलं म्हणून. तिथे सगळ्या चिकटून चालतात. एकीने अचानक ब्रेक मारला की मागच्या सगळ्या जमिनीवर. तुम्ही मला वाचवायला हा बसवलात. यानं मी दुसरीला मारीन."

मास्तराने त्या ब्रेकवरून बोट फिरवलं. मग हळूच म्हणाला, "आणि तुझं काही झालं तर?"

"तर होईल. तुमचा शिकाऊ लायसन्सच्या परीक्षेला बसतो तेव्हा शेजारी तुम्ही असता का?"

"नसतो. साहेब असतो."

"तुम्ही कुठे असता?"

मास्तराने मैदानाच्या फाटकाकडे बघितलं. तो त्या दिवशी मैदानाच्या बाहेर उभा असतो, हे घरात सगळ्यांना माहीत होतं.

"किल्ली द्या असं मी म्हणणार नाही," ठमी म्हणाली. "मी काढला तर तुम्ही जन्मभर म्हणाल की पोरीने ऐकलं नाही. तुम्ही लावलाय, तुम्ही काढा. नसेल काढायचा तर मी बाईंची लोखंड कापायची करवत घेते आणि कापते. पण आज मी पळणार. घरी येणार नाही."

आई इतका वेळ पाण्याची बाटली धरून उभी होती. तिने नवऱ्याकडे बघितलं आणि दवाखान्यातल्या आवाजात म्हणाली, "अहो, पुढचे."

मास्तर माझ्यासमोर गुडघ्यावर बसला. किल्ली लावताना तो दोनदा चुकला. ब्रेक सुटला तेव्हा त्याने तो रुमालात बांधून खिशात ठेवला. तपासनिसाने ब्रेकच्या जागी पडलेल्या भोकात करंगळी घालून पाहिली, चिमटा ठोकून बघितला, कान लावला आणि मान डोलावली. भोक चाललं. आमच्या जगात जखम चालते.

आणखी एक गोष्ट होती. माझ्यासारखीला जागेवर उभं राहता येत नाही. म्हणून शर्यत सुरू होताना मागून कुणीतरी बैठक धरून उभं राहावं लागतं. बाईंकडे आणखी एक मुलगी होती, त्या तिला धरणार होत्या. ठमीला धरणारी मैत्रीण परवाच तिच्यासोबत पडून हात गळ्यात बांधून बसलेली. ठमीने आजूबाजूला पाहिलं आणि बापाला म्हणाली, "धरता?"

नियम बाईंनी सांगितला. सरळ धरायचं. ढकलायचं नाही, ओढायचं नाही. शिट्टी झाली की सोडायचं. ढकललं किंवा ओढलं तर मुलगी बाद.

मास्तराने माझी बैठक धरली. ठमीने दोन्ही पाय पेडलांत अडकवले आणि तिचा सगळा भार, माझा सगळा भार, त्या माणसाच्या दोन हातांत आला. त्याची बोटं ओली होती. त्याने इतकी वर्षं शेकडो लोकांना थांबवलं होतं. जाऊ द्यायचं काम त्याला कुणी दिलंच नव्हतं. मी तेव्हा मनात म्हणाले, मास्तर, आता जर तुम्ही ओढलंत तर मी तुम्हाला कधी क्षमा करणार नाही.

शिट्टी झाली.

त्याने ढकललं नाही आणि ओढलं नाही. त्याने सोडलं.

ती एकेकीला बाद करत जाणारी शर्यत होती. ठरावीक फेऱ्यांनी घंटा वाजते आणि जिचं मागचं चाक रेषेवर शेवटी येतं ती बाहेर. तिथे पुढे कोण याला फारशी किंमत नाही, शेवटी कोण ते बघतात. म्हणून मी तुम्हाला खात्रीने सांगू शकते, कारण मोजलं जात होतं ते माझंच चाक. एकेक मुलगी मान खाली घालून आत वळत गेली. ठमीचा सोललेला खांदा पट्टीखाली ओला झाला होता. तिघी उरल्या तेव्हा पिवळ्या हेल्मेटवालीने तिला खालच्या कडेला दाबून धरलं. पुढे एक, बाजूला एक. वाट बंद. घंटा वाजली.

अशा वेळी कच्ची मुलगी घाबरून पाय अडवते. ठमीने पायांत उलटा जोर लावला, जरासाच, मागे सरकण्याइतका. दोघींच्या मागून ती भिंतीसारख्या कडेवर वर चढली. तिथे, वर, एक क्षण असा आला की ती सगळ्यांत शेवटी होती. कठड्याशी लोक हळहळले. मग तिने माझं तोंड खाली वळवलं आणि आम्ही परातीच्या काठावरून घरंगळलेल्या लाडवासारख्या खाली आलो, फक्त लाडू पाय मारत नाही. पिवळ्या हेल्मेटवालीचं मागचं चाक रेषेवर आलं तेव्हा माझं चाक रेषा ओलांडून गेलं होतं. एक वीतभर.

शेवटच्या फेऱ्या दोघींच्याच. त्यात ठमी हरली. ती दुसरी आली. लोकांना ही गोष्ट सांगताना बाई तिला पहिली करून टाकतात, मला ते आवडत नाही. दुसरी आली आणि दुसरीला शिबिरात जागा होती. प्रॅक्टिकलचा निकालही नंतर लागला. पास झाली. विभागप्रमुखांनी अभिनंदन केलं आणि मी म्हटलंच होतं असं म्हणाले. काय म्हटलं होतं ते कुणी विचारलं नाही.

शिबिरात तिला नवी सायकल मिळाली. काळी, पिसासारखी हलकी. ठमी मला सोबत नेते म्हणत होती. बाईंनी नाही म्हटलं आणि बरं केलं. मला कुणाच्या दिवाणखान्यात आठवण बनून टांगून घ्यायचं नाही. तिचे फोन येतात. ती सकाळी पळते, दुपारी एका दवाखान्यात लोकांचे डोळे तपासते, आणि दमले म्हणत नाही.

मी ट्रॅकवर आहे. बैठकीचं कातडं फाटलंय, रंगाचे पोपडे निघालेत, चिमट्याला भोक आहे. नव्या मुली त्यात बोट घालून विचारतात. सुट्टीच्या दिवशी मास्तर येतो आणि ज्यांना धरायला कुणी नाही त्यांना धरतो. मुली त्याला काका म्हणतात. आजही आला आहे.

आज एक नवी मुलगी आली आहे. अंगाने भरलेली, केस आखूड, जवळ बारावीची पुस्तकं. तिचा मामा मघापासून कठड्याशी उभा राहून बोलतोय. हे काय मुलींचं काम आहे का, शरीर बघा तिचं, पडली तर लग्नाचं काय, आणि अभ्यास कोण करणार. मास्तर त्याच्याकडे बघत नाही, तो माझी बैठक धरून उभा आहे. बाई शिट्टी पुसतायत. मुलीने दप्तर खाली ठेवलं, पाय माझ्यावरून पलीकडे टाकला.

तुम्हाला माझी कीव येत असेल तर ती घरी न्या. मला तेल हवं, टायरमध्ये हवा हवी, आणि बसणारी हवी. बाकीचं आम्ही बघू. तुमच्या घरात एखादी असेल तर तिला इकडे पाठवा. येताना सोबत या, हरकत नाही. फक्त एक करा.

मामा, तुम्हीही ऐका. मुलीचा सगळा भार आता माझ्यावर आला आहे आणि तुम्ही आमच्या वाटेत उभे आहात.

बाजूला व्हा.